भांड्यावरचा न दिसणारा थर

वाचकहो, एक साधा अनुभव आठवून पाहावा. वैशाखात चंद्रपूर किंवा ब्रह्मपुरीच्या अंगणात विसरून राहिलेला विळा आठ दिवसांनी उचलला, तरी त्याचे पाते जवळजवळ जसेच्या तसे असते. श्रावणात मात्र तोच विळा एक रात्र पडवीत राहिला, तर सकाळी त्यावर तांबूस ठिपके उमटलेले दिसतात. स्वयंपाकघरातही असेच घडते. नव्या सुनेने किंवा कामाला येणाऱ्या बाईने मोठ्या आस्थेने लोखंडी तवा तारेच्या घासणीने लख्ख घासून ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी तो गंजलेला सापडावा. मग घरातल्या आजी म्हणतात, "एवढा घासायचा नसतो गं तवा." आजींचे म्हणणे खरे असते, पण ते का खरे आहे, हे क्वचितच कोणी सांगते.

विळ्याचे लोखंड वैशाखात जे होते, तेच श्रावणातही होते. बदलले ते त्याच्या अंगावर बसलेले, डोळ्यांना न दिसणारे आवरण. धातूचे घरातले वर्तन, म्हणजे तो गंजेल की टिकेल, अन्नात उतरेल की नाही, पाण्यातले जंतू मारील की नाही, हे पुष्कळदा त्याच्या पृष्ठभागावर चिकटलेल्या काही रेणूंच्या थरावर अवलंबून असते. कोणता थर जपायचा आणि कोणता काढायचा हे कळले, तर रोजच्या भांड्यांतून आरोग्याला लाभ होतो. न कळले तर त्याच भांड्यांतून अपायही होऊ शकतो. घरात वडीलधारी माणसे, रक्तक्षयाचे रुग्ण किंवा सिकलसेलग्रस्त मूल असेल, तर ही गोष्ट अधिकच महत्त्वाची ठरते. म्हणून या पंधरवड्यात आपल्या भांड्यांच्या पृष्ठभागाविषयी बोलू.

चिकटण्याचे शास्त्र

स्पंज पाणी पितो तेव्हा पाणी त्याच्या आत शिरते. ते शोषण होय. पण वायूचे किंवा द्रवाचे रेणू एखाद्या घन पदार्थाच्या आत न जाता केवळ त्याच्या पृष्ठभागावर धरले जातात, तेव्हा त्यास अधिशोषण म्हणतात. धातूच्या आतल्या अणूला सर्व बाजूंनी शेजारी असतात. अगदी वरच्या अणूला मात्र एका बाजूने कोणीच नसते. त्याची ती बाजू मोकळी राहते आणि हवेतला प्राणवायू, पाण्याची वाफ, तेलाचा रेणू, जे समोर येईल ते तो धरून ठेवतो. काही रेणू सैल धरलेले असतात व किंचित उष्णतेने निघून जातात. काही मात्र धातूच्या अणूशी रासायनिक बंध जोडून घट्ट बसतात.

हा थर किती पातळ असतो? पाण्याचा एक रेणू सुमारे एक तृतीयांश नॅनोमीटर रुंद असतो. माणसाच्या एका केसाची जाडी भरण्यासाठी असे दोन लाखांहून अधिक रेणू एकावर एक ठेवावे लागतील. इतका पातळ थर काय करू शकणार, असे वाटणे साहजिक आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील अर्व्हिंग लँगम्युर यांनी विजेच्या दिव्यातील टंगस्टनच्या तारेवर काम करताना याचे उत्तर शोधले. त्या तारेवर थोरियमचा केवळ एका अणूच्या जाडीचा थर बसला, तर तीच तार कित्येक पटींनी अधिक इलेक्ट्रॉन बाहेर टाकू लागते, असे त्यांना आढळले. तार टंगस्टनचीच राहिली, पण तिचा स्वभाव पालटला. पृष्ठभागाच्या रसायनशास्त्रातील कार्याबद्दल लँगम्युर यांना 1932 साली नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे 2007 साली जर्मनीच्या गेरहार्ड एर्टल यांना घन पृष्ठभागांवर रेणू कसे बसतात व तेथे अभिक्रिया कशा घडतात, याच्या अभ्यासासाठी हाच सन्मान लाभला.

आता आपल्या विळ्याकडे परत येऊ. हवेत दमटपणा वाढला की लोखंडावर पाण्याच्या रेणूंचे थर बसू लागतात. पृष्ठभाग हाताला कोरडा लागतो, पण त्यावर पाण्याची अतिसूक्ष्म चादर पसरलेली असते. त्या चादरीत प्राणवायू विरघळतो आणि गंजण्याची क्रिया सुरू होते. वैशाखातल्या कोरड्या हवेत ही चादर तयारच होत नाही. इंग्लंडमधील व्हर्नन यांनी 1930 च्या दशकात आणखी एक गोष्ट दाखवून दिली. हवा दमट पण स्वच्छ असेल, तर लोखंड हळूहळू गंजते. मात्र तिच्यात गंधकाच्या धुराचा, म्हणजे सल्फर डायऑक्साइडचा, अत्यल्प अंश मिसळला आणि आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर गेली, की गंज झपाट्याने चढतो. दगडी कोळसा जळतो तेथे हा वायू निर्माण होतो. खाणींच्या आणि 2,920 मेगावॅट क्षमतेच्या औष्णिक वीज केंद्राच्या चंद्रपूर परिसरात राहणाऱ्यांना म्हणूनच पावसाळ्यात लोखंडी वस्तूंची अधिक काळजी घेणे शहाणपणाचे ठरते.

तव्याचे काळेपण

मुरलेल्या तव्याचा काळा, तुळतुळीत थर म्हणजे मळ नव्हे. तापलेल्या लोखंडावर तेल लावले की तेलातली मेदाम्ले प्रथम धातूला चिकटतात. मग उष्णतेने तेलाचे रेणू एकमेकांत गुंफले जाऊन कडक पापुद्रा तयार होतो. त्यामुळे पाणी धातूपर्यंत पोहोचत नाही, भाकरी चिकटत नाही आणि गंज चढत नाही. हा थर धरण्यात सर्व तेले सारखी नसतात. आपल्या विदर्भात पूर्वापार वापरले जाणारे जवसाचे तेल यासाठी फार उपयोगी, कारण ते हवेत आपोआप आळून घट्ट होते. याच गुणामुळे रंगकामात व लाकडाच्या निगेत त्याला मान आहे.

तवा किंवा कढई मुरवण्याची रीत सोपी आहे. भांडे धुऊन चुलीवर पूर्ण कोरडे करावे, तेलाचे बोट सर्वत्र फिरवावे, जास्तीचे तेल कापडाने पुसून टाकावे आणि मग ते तापवावे. थर जितका पातळ, तितका तो टिकाऊ. जाड थर चिकट होतो आणि पुढे सोलून निघतो. या वेळी धूर होतो, म्हणून खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि दम्याच्या किंवा जुन्या खोकल्याच्या रुग्णांना दुसऱ्या खोलीत बसवावे. हंगाम संपल्यावर विळे, पावशी आणि कुऱ्हाड यांना तेलाचा हात फिरवून ठेवण्याची शेतकऱ्याची पद्धत याच शास्त्रावर उभी आहे.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. गंजलेल्या विळ्याने बोट कापले की धनुर्वात होतो, असे आपण ऐकत आलो. धनुर्वात गंजाने होत नाही. तो माती व शेणात असणाऱ्या जंतूंमुळे होतो. गंजलेले, खडबडीत पाते अशी माती धरून ठेवते एवढेच. त्यामुळे चकचकीत विळ्याने झालेली मातकट जखमही तितकीच धोक्याची असते. अनेक वृद्धांनी कित्येक वर्षांत धनुर्वाताची लस घेतलेली नसते. अशी जखम झाल्यास ती वाहत्या पाण्याने व साबणाने धुवावी आणि त्याच दिवशी लशीविषयी आरोग्य केंद्रात विचारावे.

अंबाडीची भाजी आणि लोखंडी कढई

लोखंडाशी आपल्या भागाचे नाते जुने आहे. या जंगलांत मातीच्या छोट्या भट्ट्या पेटवून, लाकडी कोळशाच्या धगीवर स्थानिक कारागीर खनिजापासून लोखंड काढीत. चांदा जिल्ह्यातील लोखंडाविषयीचा रिटर फॉन श्वार्ट्झ या जर्मन भूशास्त्रज्ञाचा 1882 चा अहवाल वाचून जमशेटजी टाटांच्या मनात पोलाद कारखान्याची कल्पना रुजली. लोहाऱ्याचे खनिज उत्तम होते, पण जवळच्या वरोऱ्याचा कोळसा त्या कामाला पुरा पडणारा नव्हता. अखेर कारखाना दूर साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला उभा राहिला. गडचिरोलीतील एटापल्ली तालुक्याचे सुरजागड आज पुन्हा लोहखनिजासाठीच ओळखले जाते.

अशा लोहसमृद्ध भूमीत माणसांच्या रक्तात मात्र लोह कमी असावे, हा दैवदुर्विलास आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार प्रौढ पुरुषात हिमोग्लोबिन 13 ग्रॅमपेक्षा कमी आणि गरोदर नसलेल्या स्त्रीत 12 ग्रॅमपेक्षा कमी असेल, तर तो रक्तक्षय समजला जातो. येथे लोखंडी कढई काही प्रमाणात साहाय्य करते. अंबाडी, चिंचेचे सार, टोमॅटो असे आंबट पदार्थ तिच्यात शिजले की आम्लाचे रेणू धातूच्या पृष्ठभागावर बसून त्यातले लोह सोडवतात व ते अन्नात उतरते. इथिओपियातील मुलांचा एक अभ्यास 1999 साली प्रसिद्ध झाला. त्यात ॲल्युमिनियमच्या भांड्यातले अन्न खाणाऱ्या मुलांपेक्षा लोखंडी भांड्यातले अन्न खाणाऱ्या मुलांचे हिमोग्लोबिन अधिक सुधारलेले आढळले.

मात्र थराचा नियम येथेही लागू पडतो. पक्की मुरलेली, तेलाच्या पापुद्र्याने झाकलेली कढई कमी लोह देते. नवी किंवा कमी मुरलेली अधिक देते. म्हणून भाकरीचा तवा मुरलेला असावा आणि आंबट भाजीसाठी वेगळी लोखंडी कढई ठेवावी. भाजी शिजताच ती दुसऱ्या भांड्यात काढावी, नाहीतर चव तुरट होते व रंग काळवंडतो.

या काळेपणामागे आपल्या जंगलातलाच एक पदार्थ असू शकतो. हिरडा, बेहडा आणि अनेक झाडांच्या साली यांत टॅनिन नावाचे तुरट द्रव्य असते. ते लोखंडाला भेटले की निळसर काळे संयुग तयार होते. जुन्या काळी शाई याच रीतीने होत असे. गंजलेल्या लोखंडावर टॅनिनचा द्राव लावला, तर गंजाचे रूपांतर काळ्या, घट्ट थरात होते, म्हणून प्राचीन लोखंडी वस्तू जपणारे तज्ज्ञ त्याचा उपयोग करतात. हेच टॅनिन आपल्या चहातही असते. लोखंडावर जे संरक्षक कवच ठरते, तेच पोटात अन्नातले लोह पकडून ठेवते आणि ते रक्तात जाऊ देत नाही. म्हणून जेवणासोबत किंवा लोहाच्या गोळीसोबत चहा घेऊ नये. निदान एक तासाचे अंतर ठेवावे. उलट आवळा, लिंबू, पेरू यांतील क जीवनसत्त्व लोह शोषून घेण्यास मदत करते.

येथे थांबून विचार करा

आता या लेखातली सर्वांत महत्त्वाची सूचना. 'लोखंडी कढई सर्वांना चांगली' असे सरसकट म्हणता येत नाही. चंद्रपूर आणि गडचिरोलीत सिकलसेलचे रुग्ण अनेक कुटुंबांत आहेत. या रुग्णांची तांबडी पेशी लवकर फुटते, त्यामुळे हिमोग्लोबिन कमी दिसते; पण त्याचे कारण प्रत्येक वेळी लोहाची कमतरता असतेच असे नाही. ज्यांना पुनःपुन्हा रक्त द्यावे लागते, त्यांच्या शरीरात प्रत्येक पिशवीबरोबर लोह साठत जाते. शरीराला जास्तीचे लोह बाहेर टाकण्याचा सोयीचा मार्ग नसतो. ते यकृतात व हृदयात साचते. अशा मुलाला किंवा प्रौढाला मायेपोटी लोखंडी कढईतली आंबट भाजी आणि वर लोहाचे टॉनिक देणे अपायकारक ठरू शकते. सिकलसेल किंवा थॅलेसेमिया असलेल्या रुग्णाला लोहाची गोळी द्यायची की नाही, हे शरीरातील लोहसाठ्याची रक्ततपासणी करून डॉक्टरांनीच ठरवावे.

देशभर सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम 1 जुलै 2023 रोजी सुरू झाली असून तीत तपासणीवर भर आहे. घरात कोणाची तपासणी राहिली असेल, तर ती जवळच्या शासकीय आरोग्य केंद्रात विचारून करून घ्यावी.

वृद्धांच्या बाबतीतही अशीच सावधगिरी हवी. साठीनंतर नव्याने हिमोग्लोबिन घटले, तर कढई बदलून स्वस्थ बसू नये. पोटातला सूक्ष्म रक्तस्राव, मूत्रपिंडाचा आजार, जंत किंवा जीवनसत्त्वांची उणीव, असे कोणतेही कारण त्यामागे असू शकते. शौचाचा रंग डांबरासारखा काळा झाला, धाप लागू लागली किंवा वजन उतरू लागले, तर विलंब करू नये. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळसर होते, म्हणून डॉक्टरांकडे जाताना चालू गोळ्यांची यादी सोबत न्यावी.

रक्तातले लोखंड आणि बंद खोलीतली शेगडी

हिमोग्लोबिनच्या रेणूत लोहाचे अणू असतात. फुप्फुसात ते प्राणवायूला अलगद धरतात आणि शरीरात हव्या त्या ठिकाणी सोडतात. कार्बन मोनॉक्साइड हा वायू मात्र त्याच जागी प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट बसतो. धातूच्या पृष्ठभागावरही त्याची वागणूक तशीच असते. मोटारीच्या धुराड्यातील प्लॅटिनम थंड असताना हा वायू सर्व जागा अडवून बसतो; प्राणवायूला जागा मिळत नाही आणि तोवर धूर शुद्ध करण्याचे काम मंदावते. प्लॅटिनम तापले की वायू सुटतो व काम सुरू होते. रक्ताला मात्र तशी सोय नाही.

कोळसा अर्धवट जळतो तेव्हा हाच वायू निर्माण होतो. त्याला रंग नाही, वास नाही. पावसाळ्यात ओले कपडे वाळवण्यासाठी किंवा थंडीत आजी-आजोबांना ऊब मिळावी म्हणून पेटती शेगडी खोलीत घेऊन दारे-खिडक्या लावून झोपणे जिवावर बेतू शकते. निखारे विझत आल्यासारखे दिसतात, तेव्हाही धोका संपलेला नसतो. शेगडीच्या खोलीत डोके दुखणे, चक्कर, मळमळ, गुंगी अशी लक्षणे एकाच वेळी एकाहून अधिक जणांना जाणवली, तर आधी सर्वांना उघड्या हवेत आणावे आणि लगेच रुग्णालय गाठावे. झोपताना शेगडी खोलीबाहेर ठेवावी, हा नियम घरात सर्वांनी पाळावा.

तांबे, पितळ आणि कल्हई

तांब्याच्या गडव्यात रात्रभर ठेवलेले पाणी सकाळी पिण्याची प्रथा अनेक घरांत आहे. तिला आधार आहे. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात, अतिसार घडवणारे जंतू मुद्दाम मिसळलेले पाणी तांब्याच्या भांड्यात 16 तास ठेवल्यावर ते जंतू जिवंत आढळले नाहीत. पाण्यात उतरलेले तांबेही सुरक्षित मर्यादेत होते. जागतिक आरोग्य संघटनेची ती मर्यादा लिटरमागे 2 मिलिग्रॅम आहे.

परंतु हे काम पृष्ठभागाचे आहे. पाणी व जंतू तांब्यापर्यंत पोहोचले पाहिजेत. भांड्याच्या आत तेलकटपणा, बुळबुळीत साका किंवा क्षारांचा पांढरा थर साचला, तर तांबे त्या आवरणाखाली झाकले जाते. अमेरिकेत 2008 साली तांब्याच्या मिश्रधातूंना जंतुरोधक म्हणून मान्यता मिळाली, तेव्हा त्यांवर मेण, रंग वा लाखेचा लेप नसावा, अशी अट घातली गेली. बाजारातून चमकदार तांब्याची बाटली घेताना आतून लेप नाही ना, हे विचारून घ्यावे.

चिंच, मीठ किंवा लिंबाने घासल्यावर तांबे उजळते, कारण आम्ल त्यावरचा काळसर थर विरघळवते. नुसता तपकिरी रंग फारसा अपायकारक नाही. हिरवट-निळसर थर मात्र अवश्य काढावा. घासल्यानंतर भांडे पुष्कळ पाण्याने खळबळून घ्यावे, आम्लाचा अंश राहू देऊ नये. तांब्याच्या भांड्यात लिंबू-सरबत, ताक, लोणचे किंवा चिंचेचे पाणी कधीही ठेवू नये. कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात ताक 'कळकते' असे आपण म्हणतो, ते हेच. आम्लाने तांबे सुटते आणि मग मळमळ, उलटी, पोटदुखी होते. यकृताचा आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच हे पाणी प्यावे. ज्या विल्सन नावाच्या विकारात शरीरात तांबे साठते, त्याच्या रुग्णांनी ते टाळावेच.

पितळेला कल्हई का लागते, हेही यातून समजते. कल्हईवाला भांडे तापवून त्यावर नवसागर टाकतो तेव्हा पांढरा धूर निघतो. त्या वेळी नवसागर धातूवरचा जुना थर काढून पृष्ठभाग मोकळा करतो, म्हणून वितळलेले कथील त्याला सर्वत्र घट्ट धरते. मळक्या पृष्ठभागावर कथील बसतच नाही. कल्हई उडून आतला पिवळा रंग दिसू लागला, की ते भांडे आंबट पदार्थांसाठी बंद करावे. कल्हई करून घेताना शिसे नसलेले शुद्ध कथील मागावे आणि त्या धुराजवळ वृद्धांना व मुलांना बसू देऊ नये.

एक मर्यादा मात्र विसरू नये. चंद्रपूर जिल्ह्यातील काही गावांच्या भूजलात फ्लोराइड अधिक आहे. तांब्याचा गडवा फ्लोराइड काढत नाही. पाणी उकळल्यानेही ते जात नाही, उलट पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण वाढते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे 1 मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि दुसरा स्रोतच नसेल, तर 1.5 पर्यंत चालवून घेता येते. फ्लोराइड काढणाऱ्या गाळण्यांत सक्रिय ॲल्युमिनाचे दाणे असतात. फ्लोराइड त्यांच्या पृष्ठभागावर चिकटते, म्हणजे येथेही अधिशोषणच काम करते. पण पृष्ठभागावरच्या जागा भरल्या, की गाळणी दिसायला तशीच राहते आणि पाणी मात्र जसेच्या तसे बाहेर येते. म्हणून दाण्यांचे पुनरुज्जीवन वेळेवर झाले का, याची विचारणा गावाने करावी. घरातल्या वडीलधाऱ्यांचे सांधे व पाठ ताठर होत असतील, तर ते केवळ वयामुळे आहे असे मानण्याआधी पाणी तपासून घ्यावे.

पोलाद, टायटॅनियम आणि आपला गुडघा

स्टेनलेस स्टीलच्या ताटाला गंज का चढत नाही? त्यातील क्रोमियम हवेतला प्राणवायू धरून काही नॅनोमीटर जाडीचा अदृश्य पडदा तयार करते. ओरखडा उठला तरी हवा लागताच तो पडदा पुन्हा सांधला जातो. मीठ मात्र या पडद्याचे वैरी आहे. खारट पाणी किंवा लोणचे दिवसेंदिवस राहिले, तर बारीक खड्डे पडतात. म्हणून लोणचे चिनी मातीच्या वा काचेच्या बरणीतच ठेवावे.

ज्यांनी गुडघा किंवा खुबा बदलून घेतला आहे, त्यांच्या शरीरातही असाच पडदा असलेला धातू आहे. तो आत बसवताच काही क्षणांत रक्तातील प्रथिने त्यावर चिकटतात. त्यानंतर येणाऱ्या पेशी धातूला न भेटता त्या प्रथिनांच्या थराला भेटतात. हाड टायटॅनियमला घट्ट धरते, हे स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांच्या लक्षात 1950 च्या दशकात आले आणि 1965 साली त्यांनी पहिल्या रुग्णात टायटॅनियमचे दंतमूळ बसवले. पुढे असे आढळले, की हवेत पडून राहिलेल्या टायटॅनियमवर हवेतील सेंद्रिय रेणू चिकटतात, तो पाण्याला दूर सारू लागतो आणि हाडाशी जुळण्याची त्याची क्षमता घटते. धातू तोच राहतो, फक्त अंगावरचा थर बदलतो.

याच पृष्ठभागावर जंतूही जागा शोधत असतात. शरीरात दुसरीकडे, म्हणजे दातात, लघवीत किंवा पायाच्या जखमेत, संसर्ग झाला तर जंतू रक्तावाटे तेथे पोहोचू शकतात. म्हणून सांधा बदललेल्या व्यक्तीने असा संसर्ग अंगावर काढू नये आणि दंतवैद्याकडे गेल्यावर आपल्या शरीरात कृत्रिम सांधा असल्याचे आवर्जून सांगावे.

घरातल्यांनी लक्षात ठेवावे

• लोखंडी तवा तारेने घासू नये. धुऊन लगेच कोरडा करावा आणि तेलाचा पातळ हात फिरवावा.

• आंबट भाजी वेगळ्या लोखंडी कढईत शिजवावी, शिजताच काढून घ्यावी.

• सिकलसेल किंवा थॅलेसेमियाच्या रुग्णाला डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय जास्तीचे लोह देऊ नये.

• जेवण व लोहाची गोळी यांपासून चहा निदान एक तास दूर ठेवावा.

• तांब्याच्या भांड्यात फक्त पाणी ठेवावे. हिरवट थर दिसताच ते घासून धुवावे.

• पितळेची कल्हई उडाली, तर आंबट पदार्थ त्यात ठेवू नयेत.

• पेटती शेगडी बंद खोलीत ठेवून झोपू नये.

आजींच्या 'एवढा घासायचा नसतो' या एका वाक्यात कित्येक पिढ्यांचे निरीक्षण साठलेले आहे. आपण आज त्यामागचे कारण जाणून घेतले, म्हणून काही ठिकाणी त्या सल्ल्याला मर्यादाही घालू शकतो. ज्या घरात काळा तवा आहे आणि सिकलसेलचे मूलही आहे, त्या घरातील आजींना ही मर्यादा समजावून सांगण्याचे काम आता त्यांची काळजी घेणाऱ्या मुला-सुनांचे आहे. ते त्यांनी आदराने करावे आणि पुढच्या वेळी आरोग्य केंद्रात जाताना लोहाविषयीचा आपला प्रश्न लिहून न्यावा.